रेषेमागचे आकडे : प्रस्तावना

मागे हिरवा पडदा न लावता चित्रित केलेला माणूस पार्श्वभूमीपासून वेगळा काढायचा असेल, तर त्याच्या कडेने रेषा काढायची आणि ती फ्रेमागणिक त्याच्याबरोबर चालवायची, हाच आजही सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. या कामाला रोटोस्कोपी म्हणतात. धंद्यात नुसते रोटो. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे चार सेकंदांच्या शॉटमध्ये ९६ चित्रे. त्या प्रत्येकात बोटे, केस, वाऱ्यावर उडणारा पदर. काम नीट झाले तर ते झाले आहे हेच प्रेक्षकाला कळत नाही. बिघडले तर मात्र ज्याला या धंद्याचा गंधही नाही, त्यालाही काहीतरी खटकते.

ही कल्पना संगणकाच्या बरीच आधीची. अमेरिकेत मॅक्स फ्लायशर यांनी १९१५ साली रोटोस्कोप या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९१७ साली ते त्यांना मिळाले. चित्रित केलेल्या फिल्मची एकेक फ्रेम मागून काचेवर पाडायची आणि समोरून कागदावर गिरवून घ्यायची, असे ते यंत्र. फ्लायशर यांचे भाऊ डेव्ह विदूषकाचा पोशाख घालून कॅमेऱ्यासमोर नाचले आणि त्या गिरवण्यातून कोको हा विदूषक पडद्यावर आला. पुढे काचेची जागा मॉनिटरने घेतली आणि पेन्सिलची जागा माउसने किंवा टॅबलेटच्या पेनाने. गिरवणे तेच राहिले. बदलले ते एवढेच, की गिरवलेली रेषा आता कागदावर उमटत नाही; ती आकड्यांत साठते.

हे पुस्तक त्या आकड्यांविषयी आहे. द फाउंड्री या ब्रिटिश कंपनीचे न्यूक हे कंपोझिटिंगचे सॉफ्टवेअर, त्यातले रोटो आणि रोटोपेंट हे नोड, आणि त्या नोडमधले आकार पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतून वाचणे, लिहिणे व तपासणे, एवढाच त्याचा आवाका. विषय अरुंद वाटेल. पण मुंबईत गोरेगाव, मालाड, अंधेरी या पट्ट्यातल्या स्टुडिओंमध्ये परदेशी चित्रपटांच्या रोटोचे काम वर्षानुवर्षे चालत आले आहे आणि तिथल्या शिफ्टमध्ये मराठी मुले-मुली भरपूर भेटतात. 'स्टार वॉर्स' मालिकेच्या पहिल्या भागाची थ्री-डी आवृत्ती २०१२ साली प्रदर्शित झाली. तिचे रूपांतर प्राइम फोकस या मुंबईत सुरू झालेल्या कंपनीने केले होते. सपाट चित्राला खोली द्यायची म्हणजे चित्रातली जवळजवळ प्रत्येक वस्तू आधी रेषेने वेगळी करावी लागते. या कामात हात बसलेली माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. आपल्या हाताने काढलेल्या रेषेच्या मागे काय लिहिले जाते, हे ज्यांनी उघडून पाहिले आहे, अशी मात्र फार थोडी.

माझे म्हणणे थोडक्यात असे : पडद्यावर दिसणारा आकार हे चित्र नव्हे, ती नोंद आहे. शेत आणि सातबारा यांत जे अंतर, तेच इथेही. शेत नांगरणाऱ्याला सातबारा वाचता येत नसेल, तर त्याच्या मेहनतीचा हिशोब दुसरे कोणीतरी मांडते. रोटोच्या बाबतीत नेमके तेच घडत आले आहे.

आता ही नोंद कशी असते ते पाहू. रोटो नोड उघडला की त्यात कर्व्ह्ज नावाचा एक नॉब असतो. त्याच्या आत एक मूळ लेयर, मूळ लेयरमध्ये आणखी लेयर, त्यांत आकार, आणि आकारात बिंदू अशी उतरंड असते. पायथनला आकार म्हणजे बिंदूंची यादी. शून्यापासून मोजत जायचे आणि हवा तो बिंदू उचलायचा. प्रत्येक बिंदूपाशी सहा गोष्टी लिहिलेल्या असतात : बिंदूची स्वतःची जागा, डावी स्पर्शिका, उजवी स्पर्शिका, आणि कड मऊ करणाऱ्या फेदरसाठी याच तिन्हींची दुसरी प्रत. प्रत्येकीचा एक्स आणि वाय धरला तर एका बिंदूमागे १२ आकडे होतात. यात एक मेख आहे. बिंदूची जागा चित्राच्या डाव्या-खालच्या कोपऱ्यापासून मोजलेली असते. स्पर्शिका आणि फेदर मात्र बिंदूपासून मोजलेले असतात. म्हणून बिंदू (५००, ४००) वर आणि स्पर्शिका (१७, −१२) वर दिसली की स्पर्शिकेचे टोक पडद्यावर (५१७, ३८८) ला आहे असे समजायचे. आफ्टर इफेक्ट्समध्ये मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू होते. त्यामुळे एका सॉफ्टवेअरमधले आकार दुसऱ्यात नेताना ते उलटेपालटे झाले, तर दोष बहुधा या मोजणीत असतो.

स्पर्शिकांच्या मागचे गणित मोटारीच्या कारखान्यांतून आले आहे. फ्रान्समधल्या सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ साली वक्ररेषा काढण्याची एक रीत बसवली. कंपनीने ती गुप्त ठेवली. रेनॉ कंपनीतल्या पियेर बेझिए यांनी साठच्या दशकात आपली पद्धत प्रसिद्ध केली आणि रेषेला नाव त्यांचे मिळाले. दोघांपुढचा प्रश्न एकच होता : गाडीच्या पत्र्याचे वळण आकड्यांत असे लिहायचे, की ते यंत्राला जसेच्या तसे कापता यावे. द कास्तेल्जो यांची रीत आठवीतल्या मुलालाही वहीत करून पाहता येईल. चार बिंदू घ्या : सुरुवात, पहिल्या स्पर्शिकेचे टोक, दुसऱ्या स्पर्शिकेचे टोक, शेवट. ते ओळीने जोडले की तीन रेघा होतात. तिन्हींचे मध्य घ्या आणि ते जोडा. दोन रेघा उरतील. त्यांचे मध्य जोडा. एक रेघ उरेल. तिचा मध्य हा वक्ररेषेवरचा बिंदू. मध्याऐवजी तिसरा हिस्सा घेतला, चौथा घेतला, तर रेषेवरचे दुसरे बिंदू मिळत जातात. न्यूक असो की अक्षर छापणारा प्रिंटर, बेझिए रेषा काढायची म्हणजे मुळात हाच हिशोब.

हे कळले की हातही बदलतो. चार बिंदूंत वर्तुळ काढायचे असेल तर स्पर्शिकेची लांबी त्रिज्येच्या ०.५५२३ पट ठेवावी लागते. त्रिज्या १०० पिक्सेल असेल तर ५५.२३ पिक्सेल. असे वर्तुळ गणिती दृष्टीने खरे वर्तुळ नसते, पण चूक त्रिज्येच्या ०.०३ टक्क्यांहूनही कमी राहते. १०० पिक्सेलला पिक्सेलच्या तीन शतांशांहून कमी. डोळ्याच्या बाहुलीला सोळा बिंदू घालणाऱ्या नवख्याला हे दाखवले की पुढच्या शॉटपासून त्याचे बिंदू आपोआप कमी होतात. जास्त बिंदू म्हणजे जास्त नेमकेपणा, हा या धंद्यातला सर्वांत महागडा गैरसमज आहे.

तो महागडा का, हे वेळेचा विचार केला की उमगते. आकार स्थिर नसतो, चालतो. म्हणून वर सांगितलेल्या १२ आकड्यांपैकी प्रत्येक आकडा हाही काळाच्या अक्षावर जाणारी एक वक्ररेषाच असते. पडद्यावर दिसते ती रेषा जागेतली. तिच्या प्रत्येक बिंदूच्या पोटात बारा रेषा काळातल्या. वीस बिंदूंचा आकार आठ कीफ्रेमवर बसवला तर १,९२० आकडे झाले. तोच आकार ९६ च्या ९६ फ्रेमवर हाताने हलवला तर २३,०४०. दुसऱ्या पद्धतीत आकडे बारापट आहेत; शिवाय त्यातला प्रत्येक आकडा माणसाच्या हाताने ठेवलेला आहे, आणि हात थरथरतो. कड फ्रेमागणिक लुकलुकते तिला चॅटर म्हणतात, आणि चॅटर म्हणजे रीटेक. हालचाल जिथे सुरू होते, थांबते किंवा दिशा बदलते तिथेच की द्यावी, मधला हिशोब सॉफ्टवेअरवर सोडावा, हा जुन्या लीडचा नियम. तो सवयीतून आलेला असेल, पण त्याला हा पक्का गणिती आधार आहे.

चॅटर डोळ्याने पकडणे थकव्याचे काम. पायथनने पकडणे वजाबाकीचे. एका बिंदूचा एक्स फ्रेम १०२१ पासून १०२६ पर्यंत असा आहे समजा : ६४०, ६४२, ६४४, ६४९, ६४८, ६५०. प्रत्येक फ्रेमच्या आकड्यातून तिच्या दोन शेजाऱ्यांची सरासरी वजा करायची. १०२३ ला उत्तर येते उणे दीड, १०२४ ला अधिक तीन, १०२५ ला पुन्हा उणे दीड. मधला आकडा मोठा आणि दोन्ही बाजूंना त्याच्या निम्मे, उलट चिन्हाचे. एका चुकीच्या कीची ही खूण आहे. हात टेबलावर आपटून थांबला असता तर आकडे ६४०, ६५०, ६६०, ६६०, ६६० असे आले असते. तिथे वजाबाकी फक्त एका फ्रेमला पाच दाखवते आणि शेजारी शून्य राहतात. पन्नास आकारांचा नोड असला तरी असा तपास संगणक क्षणात उरकतो आणि संशयित फ्रेमची यादी हातात ठेवतो.

पण यादी संशयितांचीच असते, दोषींची नव्हे. तबलजीचे बोट एका फ्रेमपुरते वर उठून लगेच खाली येते. त्याची वजाबाकी केली तर उत्तर चुकीच्या कीसारखेच येईल, आणि इथे ते बोटाचे खरे वागणे आहे. अशा यादीतल्या सगळ्या की डोळे झाकून पुसणारी स्क्रिप्ट तबलजीचा हात बधिर करून टाकते. म्हणून या पुस्तकातल्या तपासणीच्या सगळ्या स्क्रिप्ट खूण करतात, दुरुस्ती करत नाहीत. स्क्रिप्टने पुरावा मांडावा, निकाल माणसाने द्यावा, हा नियम मी पहिल्या प्रकरणापासून शेवटपर्यंत पाळला आहे.

दुसरा एक पेच लेयरचा. ट्रॅकर लावून लेयर माणसाबरोबर चालवला आणि आकार त्या लेयरच्या आत ठेवला, तर आकाराच्या बिंदूचा आकडा लेयरच्या हिशोबातला असतो, पडद्याच्या नव्हे. पायथन सांगते बिंदू (५००, ३००) वर आहे. लेयर १२० पिक्सेल उजवीकडे सरकलेला असतो. पडद्यावर बिंदू (६२०, ३००) वर दिसतो. फिरणे आणि मोठे-लहान होणे त्यात आले की साधी बेरीज पुरत नाही. आकाराचे मॅट्रिक्स, त्यावरच्या लेयरचे, त्याच्याही वरच्या लेयरचे, असे आतून बाहेर मूळ लेयरपर्यंत गुणत जावे लागते, आणि तेही प्रत्येक फ्रेमला वेगळे. आकार बेक करणे, तो मोचा किंवा सिल्हूएटसारख्या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे पाठवणे, एखाद्या बिंदूवरून ट्रॅकर बनवणे, या सगळ्या कामांचा पाया हाच गुणाकार. पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण त्यावर खर्च केले आहे आणि त्याबद्दल मला खंत नाही.

न्यूकचा जन्म १९९३ साली स्थापन झालेल्या डिजिटल डोमेन या अमेरिकी स्टुडिओत, घरच्या वापरासाठी झाला. २००७ साली ते द फाउंड्रीकडे आले आणि त्यानंतरच्या पाचव्या आवृत्तीत त्याला पायथन मिळाले. त्याआधी स्क्रिप्टसाठी टीसीएल वापरत. रोटोपेंट नोड सहाव्या आवृत्तीतला. २०२१ सालच्या तेराव्या आवृत्तीने पायथन दोन सोडून तीन घेतले. इंटरनेटवर आणि स्टुडिओच्या सर्व्हरवर पडून असलेल्या कितीतरी जुन्या स्क्रिप्ट आज चालत नाहीत, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. प्रिंटला कंस नाहीत, किंवा दोन पूर्णांकांच्या भागाकाराचे उत्तर आता अपूर्णांकात येते. अशा स्क्रिप्ट टाकून न देता दुरुस्त कशा करायच्या, हे परिशिष्टात आहे.

आता जो प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, त्याबद्दल. यंत्र स्वतःच कड ओळखू लागले असताना रेषा शिकायची कशाला? न्यूकमध्ये २०२१ पासून कॉपीकॅट आहे. थोड्या फ्रेमचे रोटो करून दाखवले की ते उरलेल्या फ्रेमवर तसा प्रयत्न करते. मेटा कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये सेगमेंट एनिथिंग आणले. चित्रात कुठेही टिचकी मारा, ते वस्तू वेगळी काढून दाखवते. ही साधने खरी आहेत, उपयोगी आहेत, आणि रोटोचे सोपे शॉट ती खाऊन टाकतील यात मला शंका नाही. पण त्यांच्या हातून बाहेर येतो तो मॅट, म्हणजे पिक्सेलचा गठ्ठा. त्यात बिंदू नसतात, स्पर्शिका नसतात, की नसतात. सुपरवायझरने सांगितले, खांद्याची कड या सहा फ्रेमना दोन पिक्सेल आत घ्या, तर आकारात एक-दोन बिंदू सरकवून काम भागते; पिक्सेलच्या गठ्ठ्यात सहा फ्रेम रंगवत बसावे लागते, आणि रंगवलेली कड पुन्हा लुकलुकते. यंत्राचा मॅट जिथे फसतो तिथे माणसाने काढलेला आकार घालायचा, दोन्हींतला फरक मोजायचा, कोणत्या फ्रेमवर कोणावर विसंबायचे ते ठरवायचे, हे काम पुढे वाढणार आहे. ते करणाऱ्याला रेषाही हवी आणि आकडेही.

आणखी एक गोष्ट पैशांची आहे, म्हणून ती स्पष्टच सांगतो. रोटोचे काम मॅनडेमध्ये मोजले जाते. या शॉटला तीन मॅनडे, त्या शॉटला पाच, असा बिड वरून ठरून येतो आणि तो न पुरल्यास रात्र आर्टिस्टची जाते. 'हे तीन दिवसांत होणार नाही' असे नुसते म्हटले तर ती तक्रार ठरते. मागच्या महिन्यातल्या अशाच शॉटमध्ये किती आकार होते, किती बिंदू, किती की, आणि त्याला किती दिवस लागले, हा तक्ता पुढे ठेवला तर तोच मुद्दा होतो. तो तक्ता काढणारी स्क्रिप्ट जेमतेम वीस ओळींची आहे आणि मी ती मुद्दाम दुसऱ्याच प्रकरणात दिली आहे. ती वापरल्याने बिड वाढेलच, असे मी म्हणत नाही. पण हिशोब दोन्ही बाजूंकडे असला की बोलणे निदान बरोबरीने होते.

पुस्तक कोणासाठी? ज्याने रोटो केले आहे पण प्रोग्रॅमिंग केलेले नाही, त्याच्यासाठी. पायथनची पूर्वओळख धरलेली नाही. गणित दहावीपर्यंतचे पुरे. पहिल्या तीन प्रकरणांत आकार फक्त वाचायचा आहे : यादी काढायची, मोजायचे, नावे तपासायची. पुढच्या चारांत लिहायचा : नवा आकार बनवणे, की देणे, काढणे, बेक करणे. त्यानंतर मॅट्रिक्स, मग तपासणी, आणि शेवटी सगळे एका मेनूत बसवून टीमला देणे. वाचणे आधी आणि लिहिणे नंतर हा क्रम मोडू नका. वाचणारी स्क्रिप्ट चुकली तर फार तर उत्तर चुकते. लिहिणारी चुकली तर कोणाचे तरी दोन दिवसांचे काम पुसले जाते. नोडची प्रत काढल्याशिवाय एकही लिहिणारी स्क्रिप्ट चालवू नये.

संज्ञा शिफ्टवर जशा बोलल्या जातात तशाच ठेवल्या आहेत. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी सराव आहे, आणि तो पुस्तकासोबत आलेल्या फायलींवर न करता स्वतःच्या कामावर करावा, अशी माझी विनंती आहे. जो शॉट आपण काढला त्याचे आकडे वाचताना प्रत्येक ओळीला कारण सापडते. क्लायंटच्या फायली स्टुडिओबाहेर नेता येत नाहीत, तेव्हा घरी सरावासाठी मोबाइलवर एखाद्या चालत्या माणसाचे चार सेकंद चित्रित करा आणि त्याचे रोटो करा. बिगरव्यावसायिक वापरासाठी न्यूकची मोफत आवृत्ती मिळते. तिच्यात पायथनवर काही बंधने आहेत, पण सुरुवातीच्या प्रकरणांपुरती ती अडणार नाहीत.

शेवटी एकच सांगणे. पहिले प्रकरण उघडण्याआधी आपला एखादा जुना आकार उघडा आणि त्याचे बिंदू व की हाताने मोजून कागदावर लिहून ठेवा. मग पहिल्या प्रकरणातली स्क्रिप्ट त्याच आकारावर चालवा. दोन्ही आकडे जुळले तरच पुढे जा. जुळले नाहीत तर कोण चुकले, तुम्ही की स्क्रिप्ट, याचा छडा लावल्याशिवाय पान उलटू नका.